दात लागण्याआधी आणि लागल्यावर

कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी सगळे पळतात. कारण पळायचं नाही तर मग नेमकं करायचं काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. रात्री साडेअकराला कोपऱ्यावरून चार कुत्री सुटली की विचाराला वेळ नसतो; जे आधीपासून डोक्यात पक्कं बसलेलं असेल तेवढंच हातून घडतं. काहीच बसलेलं नसेल तर पाय परस्पर निर्णय घेऊन मोकळे होतात.

कुत्र्याशी झुंजायचं कसं, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी यावा. बहुतेक हल्ले दात लागण्याआधीच्या पाच-दहा सेकंदांत टळण्यासारखे असतात. जे टळत नाहीत, त्यांत जीव वाचवण्याची सुरुवात चाव्यानंतरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत नळाखाली होते. मधली झटापट थोडक्या वेळाची आणि तीच आपल्या सर्वांत कमी हातात.

आधी पळण्याचंच घेऊ. कुत्र्याचे डोळे बारकावे टिपण्यात आपल्यापेक्षा कच्चे, पण हालचाल टिपण्यात आणि अंधुक उजेडात पाहण्यात आपल्यापेक्षा पक्के. गुमान उभ्या असलेल्या माणसाचं काय करायचं हे त्याला चटकन ठरवता येत नाही. पळणाऱ्याचं ठरवावंच लागत नाही. पळत्याच्या मागे लागणं हे त्याच्या रक्तात आहे, त्यासाठी राग यायचीही गरज नसते. त्यात ही शर्यत आपण हरणारच. गल्लीतलं साधं खरकट्यावर जगणारं कुत्रंही चांगल्या पळणाऱ्याला गाठतं. आणि पाठ फिरवली की आपली पोटरी बरोबर त्याच्या तोंडासमोर येते.

कुत्रं उगाच चावत नाही, असं श्वानप्रेमी म्हणतात. उगाचच चावलं हो, असं चावलेला माणूस म्हणतो. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. कुत्र्याकडे कारण असतं, ते माणसाच्या लक्षात आलेलं नसतं. आपल्या गल्लीत कुत्राही वाघ असतो ही म्हण अक्षरशः खरी धरावी. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. दिवसा वर्दळीमुळे ती हद्द पातळ होते, रात्री रस्ता रिकामा झाला की घट्ट होते. म्हणून दुपारी ज्याच्या शेजारून तुम्ही निवांत गेलात, तेच कुत्रं रात्रपाळीहून परतताना तुमच्यावर धावून येतं. यातली कामाची गोष्ट अशी, की हद्द संपली की त्याचा जोरही संपतो. पाठलाग करणारी कुत्री एखाद्या खांबापाशी नाहीतर वळणावर अचानक थांबतात, ती उगाच नव्हे. मागे सरकायचं असेल तर आल्या वाटेने सरका. त्यांच्या इलाक्यात आणखी आत शिरू नका.

दुसरं कारण खाणं. मटणाच्या दुकानामागे, मंगल कार्यालयाच्या खरकट्याजवळ, कचराकुंडीपाशी तोंड घातलेल्या कुत्र्याच्या फार जवळून जाऊ नये. तिसरं कारण पिल्लं. भाद्रपद हा आपल्याकडे कुत्र्यांच्या माजाचा महिना म्हणून पूर्वापार ओळखला जातो. कुत्री साधारण दोन महिन्यांनी विते. म्हणजे दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमाराला, जिन्याखाली, गटाराच्या पाइपात, उभ्या गाड्यांच्या खाली पिल्लं दिसू लागतात. इतर महिन्यांतही विणी होतात, पण या दिवसांत जास्त. एरवी तुमच्याकडून बिस्कीट खाणारी कुत्री या काळात तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. पार्किंगमध्ये बारीक कुंईकुंई ऐकू आली तर वाकून बघू नका, मुलांना तर मुळीच बघू देऊ नका.

आता समोरच्या कुत्र्याकडे नीट बघू. भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण अर्धी खरी. भुंकणं म्हणजे 'लांब हो' असं सांगणं. जे लांबूनच भुंकतं, मागेपुढे नाचतं, ते अजून बोलणी करतंय. धोका वाढतो तो आवाज खाली उतरल्यावर. भुंकणं थांबून गुरगुर सुरू होते, अंग ताठ होतं, पाठीवरचे केस उभे राहतात, वजन पुढच्या पायांवर येतं, नजर एका जागी खिळते. शेपूट हलतेय म्हणून गैरसमज करून घेऊ नका. वर ताठ धरलेली, नुसत्या टोकाशी थरथरणारी शेपूट मैत्रीची नसते. घाबरलेल्या कुत्र्याची तऱ्हा याच्या उलट. शेपूट पोटाशी, कान मागे, अंग चोरलेलं, आणि तरीही ओठ वर करून दात विचकलेले. असं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं, म्हणून त्याला निसटायला वाट ठेवावी. टोळक्यात आणखी एक गंमत असते, गंमत म्हणायची आपली पद्धत. समोर दोघं-तिघं मोठमोठ्याने भुंकत असतात, सगळं लक्ष त्यांच्याकडे जातं, आणि एक जण आवाज न करता कडेकडेने मागे येतो. पोटरीचा चावा बहुधा त्याचा असतो.

म्हणून टोळकं आलं तर पहिली गोष्ट पाठ झाकण्याची. भिंत, बंद शटर, उभी गाडी, जे असेल त्याला पाठ लावा. मग थांबा. सरळ छाती पुढे करून उभं न राहता थोडं तिरकं उभं राहा. हात हवेत उडवू नका, ते कुत्र्याला खेळणं किंवा धमकी वाटतं. कोपरं अंगाशी, मुठी मिटलेल्या, बोटं आत. डोळ्यांत डोळे घालू नका आणि डोळे मिटूही नका. त्याच्या पायांकडे किंवा छातीकडे नजर ठेवा, म्हणजे ते कुठे सरकतंय हे कळत राहतं. किंचाळलात तर कुत्र्यांना चेव येतो. पोटातून, खालच्या पट्टीत, एकदाच ठणकावून 'हाड!' म्हणा. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांना हा शब्द लहानपणापासून ऐकून पाठ झालेला असतो. आवाज चिरका निघणार असेल तर गप्प राहिलेलं बरं.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक उपाय चालतो, जो परदेशी पुस्तकांत सापडायचा नाही. खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणायचा. हाताला दगड नाही लागला तरी चालतं. दगड खाल्लेली कुत्री नुसत्या वाकण्यानेच चार पावलं मागे जातात. पण दोन अटी आहेत. कुत्रं किमान आठ-दहा पावलं लांब हवं, कारण अगदी जवळ आलेल्या कुत्र्यापुढे वाकलात तर चेहरा त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवल्यासारखं होतं. आणि पाळीव कुत्र्यावर याचा भरवसा नाही. त्याने आयुष्यात दगड पाहिलेला नसतो. खरोखर दगड मारणं मला पसंत नाही. नेम चुकला तर कुत्रं बिथरतं, लागला तर ते पुढच्या माणसावर वचपा काढतं.

कुत्रं थबकलं की पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे सरकायचं. ही सर्वांत अवघड वेळ. थोडं अंतर पडलं की वळून पळावंसं वाटतं आणि बहुतेक जण इथेच चुकतात. वळण ओलांडेपर्यंत तोंड त्याच्याकडेच राहू द्या.

मधे काहीतरी आडवं धरणं हा दुसरा आधार. ऑफिसची सॅक, छत्री, भाजीची पिशवी, हेल्मेट, पायातली चप्पलसुद्धा. छत्री झटकन उघडली तर पुष्कळ कुत्री दचकतात. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या हातात हल्ली काठी असते, पण ती कशी धरायची हे बहुतेकांना ठाऊक नसतं. काठी डोक्यावर उगारली की मारायला एक क्षण लागतो आणि तेवढ्यात कुत्रं आत शिरतं. काठी खाली, टोक त्याच्या तोंडाच्या रेषेत पुढे करून धरा. कुत्रं पुढे आलं तर आधी टोकाशी भिडतं, चावलंच तर काठीला चावतं. काठीचं काम अंतर राखण्याचं. मिरपुडीचा फवारा उपयोगी पडतो, पण वारा आपल्या तोंडावर असेल तर पहिला बळी आपण. बटण दाबलं की कुत्री पळतात म्हणून विकली जाणारी आवाजाची यंत्रं मला फारशी भरवशाची वाटत नाहीत. काही कुत्री दचकतात, काही ढिम्म हलत नाहीत.

दुचाकीवाल्यांचं दुखणं वेगळं. इथे कुत्र्याच्या चाव्यापेक्षा पडण्याने होणारी इजा मोठी असते. कुत्रं चाकामागे लागलं की माणूस ॲक्सिलरेटर पिळतो, पाय वर घेतो, मागे वळून बघतो आणि समोरच्या खड्ड्यात जातो. वेग हळूहळू कमी करा, हँडल सरळ ठेवा, नजर रस्त्यावर. बरीचशी कुत्री चाकाच्या फिरण्यावर आणि इंजिनाच्या आवाजावर पेटलेली असतात. गाडी मंदावली की त्यांचाही उत्साह मावळतो. गाडी थांबलीच तर तशीच बसून 'हाड' करा. सायकलवाल्याने उतरावं आणि सायकल स्वतःच्या नि कुत्र्याच्या मधे आडवी ठेवून चालावं. याहून चांगली ढाल शहरात मिळत नाही.

मुलांचं सर्वांत जपून. मोठ्या माणसाची कंबर ज्या उंचीवर असते, साधारण त्या उंचीवर तीन-चार वर्षांच्या मुलाचं तोंड असतं. मुलं ओरडतात, पळतात, पडतात. तिन्ही गोष्टी कुत्र्याला चेतवणाऱ्या. मूल सोबत असेल तर त्याला झटक्याने वर उचलू नका, कुत्रं उडी घेतं. आधी त्याला मागे घ्या, स्वतः मधे उभे राहा, मग सावकाश उचला. शाळकरी मुलांना 'झाड हो' असा खेळ शिकवता येतो: पाय रोवायचे, हात अंगाशी दुमडायचे, नजर स्वतःच्या पायांकडे, कुत्रं हुंगून जाईपर्यंत गप्प. घरच्या अंगणात दोन-चारदा खेळलेलं मूल वेळेला ते करतं. नुसतं सांगितलेलं मूल करत नाही.

एवढं करूनही अंगावर आलंच तर? हातातली वस्तू त्याच्या तोंडात द्या. सॅक, जॅकेट, ओढणी गुंडाळलेला हात. दात कशात तरी रुतले की तेवढा वेळ मिळतो. लगेच ओढून घेऊ नका, ओढलं की ते आणखी घट्ट धरतं. तोल सांभाळा, कारण खाली पडणं सर्वांत वाईट. पडलातच तर गुडघे पोटाशी घेऊन, तोंड जमिनीकडे करून कासवासारखं अंग मिटा, बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी कान नि गळा झाका. पाठीवर चावा सोसतो, गळ्यावर सोसत नाही. गल्लीतली कुत्री बहुधा चावून मागे होतात. त्यांनी सोडलं की लगेच उठू नका, ती मागे हटेपर्यंत थांबा.

धिप्पाड पाळीव कुत्र्याची गोष्ट निराळी. रॉटवायलर, पिटबुल अशी कुत्री एकदा धरल्यावर सहजासहजी सोडत नाहीत, डोकं झटकून मांस फाडतात. तेव्हा चावलेला भाग मागे खेचण्यापेक्षा शक्यतो त्याच्या तोंडाकडे दाबून धरावा, म्हणजे फाटणं कमी होतं. सोडवायला आलेल्याने त्याच्या तोंडाशी हात नेऊ नये. गळ्यात पट्टा असेल तर मागून धरून वर पिळावा. श्वास कोंडला की जबडा सुटतो. पट्टा नसेल तर मागचे दोन्ही पाय मांडीपाशी धरून वर उचलावेत, आणि जबडा सुटताच वर्तुळात फिरवत मागे न्यावं, म्हणजे त्याला वळून चावता येत नाही. कुत्र्याला लाथा घालणाऱ्या गर्दीचा उपयोग फारसा होत नाही. पाण्याची बादली किंवा जाड घोंगडं आणणारा एक माणूस जास्त कामाचा. अशा कुत्र्याच्या मालकाने निष्काळजीपणा केला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली तक्रार करता येते, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा वाचून दाखवायला हरकत नाही.

आता नळाकडे. चावा बारीक असो की मोठा, पहिलं काम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते धुताना कळतं. दोन मिनिटांत माणूस नळ बंद करतो. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत येतो. त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो. तुमच्या घरातली साधी कपड्याची वडीसुद्धा हे काम करते. पुढे जाऊन नसेत, म्हणजे मज्जातंतूत, शिरलेल्या विषाणूपर्यंत साबण पोहोचत नाही, म्हणून घाई. नंतर बीटाडीनसारखं आयोडीन लावा. हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी यांतलं काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. सुईने विषाणू आत ढकलला जाण्याची भीती असते.

विषाणू रक्तातून धावत नाही. तो नसांच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. म्हणून आजार दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्षही. चेहरा, मान, बोटं इथले चावे जास्त धोक्याचे, कारण मेंदू जवळ नाहीतर नसांचं जाळं दाट. पाण्याची भीती, वाऱ्याची भीती अशी लक्षणं सुरू झाली की मग औषध नाही. माणूस जवळजवळ हमखास जातो. पण त्याआधीच्या काळात लस विषाणूला गाठू शकते. इतक्या भयंकर आजाराला इतका खात्रीचा अडथळा क्वचितच असतो, आणि तरी लोक मरतात ते चावा 'किरकोळ' म्हणून सोडून दिल्यामुळे. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातला एक तरुण कबड्डीपटू असाच गेला. नाल्यात अडकलेलं पिल्लू काढताना ते बोटाला चावलं होतं. पिल्लूच तर आहे, असं वाटलं असणार.

डॉक्टर जखमेचे तीन वर्ग करतात. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर धुणं पुरे. रक्त न आलेला ओरखडा किंवा हलका चावा असेल तर लस. कातडी फुटून रक्त आलं, फुटलेल्या कातडीवर किंवा तोंडा-डोळ्यांत लाळ गेली, तर लस आणि शिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. हे दुसरं इंजेक्शन पुष्कळदा राहून जातं, म्हणून त्याचं काम समजून घ्या. लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, पण त्याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेच्या जागीच विषाणू अडवायला तयार प्रतिपिंडं लागतात. ती थेट जखमेत आणि तिच्या कडांभोवती टोचतात. पहिल्या लसीबरोबरच घ्यावीत, फार तर सात दिवसांच्या आत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने यासाठी प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंडही बाजारात आणलं आहे. रक्त आलं असेल तर 'इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा.

पोटात चौदा इंजेक्शनं ही आजोबांच्या काळची गोष्ट. ती लस आपल्याकडे वीसएक वर्षांपूर्वी बंद झाली. आता सरकारी दवाखान्यांत कातडीत, दोन्ही दंडांवर थोडी थोडी लस देतात: पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. खासगीत स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं मूल, कुणालाही चालते. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं, तेही विचारून घ्या.

कुत्रं ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. चावताना लाळेत विषाणू असलेलं कुत्रं बहुधा या दिवसांत मरतं. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पण लस सुरू करायला दहा दिवस थांबायचं नाही. कानाच्या टोकाला खाच असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि तेव्हा लसही दिलेली असते. तरीही त्या खाचेवर विसंबून स्वतःची लस टाळू नका, ती किती वर्षांपूर्वीची आहे हे कुणी सांगावं. जबडा लोंबणारं, लाळ गळणारं, आवाज बदललेलं, दिसेल त्याला, अगदी दगड-लाकडालाही चावणारं कुत्रं पिसाळलेलं समजा आणि महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. २०२३ च्या नियमांनुसार भटकी कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून सहसा मूळ जागीच सोडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री मात्र परत सोडायची नाहीत. म्हणून तक्रारीत 'कुत्र्यांचा त्रास' एवढं मोघम लिहू नका. कुठलं कुत्रं, रंग कोणता, कोणत्या वेळी, किती जणांना चावलं, असं लिहा.

लसीचं कार्ड फेकू नका, त्याचा फोटोही फोनमध्ये ठेवा. ज्याचे सगळे डोस पूर्ण झालेत त्याला पुढे पुन्हा कुत्रं चावलं तर सहसा शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. कार्ड नसेल तर सगळं पहिल्यापासून.